तेजगड आणि पिठोरा: मुलांना घेऊन एका दिवसात काय काय जमेल?

रावपुऱ्याचा_चित्रवर्ग

नमस्कार मंडळी. आमच्या चित्रकलेच्या वर्गातली १४ मुलं (वय १० ते १५) आणि सहा मोठी माणसं डिसेंबरात एका दिवसासाठी तेजगड-छोटा उदेपूरला न्यायचं ठरतंय. बेत असा आहे: सकाळी तेजगडची आदिवासी अकादमी आणि तिथलं 'वाचा' संग्रहालय. मग एखाद्या राठवा कलाकाराच्या घरी किंवा स्टुडिओत बसून पिठोऱ्याचं (राठवा आदिवासींच्या घरातलं देवाचं भित्तिचित्र) काम बघायचं, मुलांनी स्वतः हात चालवायचा. जमलं तर कोराजच्या डोंगरातली प्राचीन चित्रं, आणि येताना संखेड्याचं लाखकाम. रात्री आठपर्यंत परत बडोदे.

हे सगळं एका दिवसात बसतं का? भेट आधी ठरवावी लागते की गेलं की झालं? मुलांना कागद आणि पोस्टर कलर द्यावेत की माती-शेणाच्या पाट्या? पाट्या इथूनच करून न्यायच्या तर प्रमाण काय घ्यायचं? शिवाय वर्गाच्या हॉलमध्ये दहा बाय आठ फुटांची एक भिंत रिकामी आहे. तिच्यावर पिठोरा काढून घेता येईल का, की तो असा कुठेही काढून घ्यायचा नसतो? वारली मुलांना शिकवून झाली आहे, त्यामुळे हात अगदीच कोरा नाही.


ओरसंगकाठ

संखेडा बेतातून काढून टाका. कातावर (लेथवर) फिरणारं लाकूड, त्यावर कलईचा रंग, वर लाख चढली की तीच कलई सोनेरी दिसायला लागते, मग केवड्याच्या पानाने घासणं, हे सगळं पाहायला निवांत अर्धा दिवस हवा. बडोद्याहून संखेडा जवळ आहे, तिथे कधीही वेगळं जाता येतं.

आता उरलेला दिवस. डभोई-बोडेलीमार्गे तेजगड साधारण ९० किलोमीटर आहे. मुलांना घेऊन, चहा-नाश्त्याचा एक थांबा धरून अडीच तास मोजा. सकाळी साडेसहाला निघालात तर नऊला पोचाल. प्रतापनगरहून छोटा उदेपूरला जाणारी रेल्वे तेजगडला थांबते, पण वीस माणसांना स्टेशनापासून पुढे वाड्यावस्त्यांवर फिरायचं तर वाहन लागणारच, म्हणून मिनीबस बरी. पावी जेतपूरजवळ भारज नदी ओलांडावी लागते. डिसेंबरात चिंता नाही, पण पावसाळ्यात कुणी हा धागा वाचून निघालं तर तिथल्या पुलाची आणि वळणरस्त्याची आदल्या दिवशी चौकशी करूनच निघावं.

अकादमीत दोन तास, कलाकाराकडे किमान साडेतीन तास. जेवणाचा एक तास. एवढ्यातच चार वाजतात. कोराज हवं असेल तर कलाकाराकडचा वेळ कापावा लागेल, आणि तो कापू नये असं माझं मत. मुलं हाताने काही करणार असतील तर तीन तासांच्या आत काहीही होत नाही, रंग वाळायलाच वेळ जातो. कोराज स्वतंत्र सहलीसाठी ठेवा. त्या सहलीला गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्या आणि एक गोष्ट मुलांना आधीच सांगा: चित्र फोटोत नीट यावं म्हणून खडकावर पाणी मारणारे लोक असतात, ते करायचं नाही. पाण्याने रंग क्षणभर उठून दिसतो, पण वाळताना दगडातले क्षार वर येतात आणि चित्रावर पांढुरका थर बसतो. तो मग निघत नाही.

तसंच जाऊ नका, आधी ठरवूनच जा. अकादमी हे कामाचं ठिकाण आहे. 'भाषा' ही संस्था गणेश देवींनी १९९६ साली बडोद्यात सुरू केली, अकादमी तिचीच. तिथे मुलांचं शिक्षण, भाषांचं दस्तावेजीकरण, प्रकाशन अशी कामं चालू असतात. निदान तीन आठवडे आधी लिहून कळवा. पत्रात पाच गोष्टी स्पष्ट असू द्या: माणसं किती, मुलांचं वय, किती वाजता येणार आणि किती वाजता निघणार, जेवण तिथे हवं का, आणि नेमकं काय शिकायचंय. 'आम्हाला आदिवासी संस्कृती दाखवा' असं लिहिलंत तर समोरच्याला काय तयारी करायची तेच कळत नाही. 'पिठोऱ्याचा घोडा आणि चौकट यांचा सराव, १४ मुलं, तीन तास, एक मुख्य कलाकार आणि एक मदतनीस' असं लिहिलंत तर लगेच काम पुढे सरकतं. १४ मुलांना एक कलाकार पुरत नाही. दोघं मागा, आणि दोघांच्या दिवसभराच्या मानधनाचा आकडा त्याच पत्रव्यवहारात पक्का करा. देणगी, भेटवस्तू, शाल-श्रीफळ यातलं काहीही मानधनाच्या जागी चालत नाही. कलाकार तो दिवस शेतीतून किंवा मजुरीतून काढून देत असतो.

वार निवडताना: छोटा उदेपूरचा हाट शनिवारी आणि कवांटचा सोमवारी. हाट पाहायचा मोह होईल, पण त्या दिवशी घरातली माणसंही दुपारपर्यंत हाटात असतात. शिकायला जायचं तर हे वार टाळा. होळीच्या आगेमागे तर नकोच, होळीनंतर तिसऱ्या दिवशी कवांटचा घेर (तिथली मोठी जत्रा) असतो आणि सगळा मुलूख तिकडे लोटतो. तेव्हा पाहुणे म्हणून जा, विद्यार्थी म्हणून जाऊ नका.

'वाचा'मध्ये मुलांना मोकळं सोडलं की वीस मिनिटांत 'झालं बघून' म्हणत बाहेर येतात. प्रत्येकाला एकेक वस्तू नेमून द्या, वाद्य असेल तर उत्तम. ती कशाकशाची बनली आहे, सांधे कुठे आहेत, हात लागून कुठे झिजली आहे, ते वहीत काढून आणायचं. प्रश्न गुजरातीत विचारायला लावा, बडोद्याच्या मराठी मुलांना त्यात अडचण नाही. घरात लोक आपसात राठवी बोलतात.

एक शेवटचं. कुणाच्या ओसरीवर खराखुरा मांडलेला पिठोरा दाखवायला नेलं, तर चपला बाहेर, भिंतीला पाठ टेकायची नाही, दप्तरं त्या भिंतीशी ठेवायची नाहीत, बोट लावायचं नाही, आणि फोटो विचारून. ती भिंत त्या घराचं देवघर आहे.


लिपणकाम

ओरसंगकाठ यांनी वेळेचं सांगितलं, मी साहित्याचं सांगतो.

मुलांना कार्ट्रिज कागद आणि पोस्टर कलर दिले तर आकार शिकतील, पण पिठोऱ्याचा अर्धा भाग भिंतीत आहे, तो हातून निसटेल. पाट्याच करा. मात्र घरच्या घरी करून न्यायच्या तर लाकडावर माती धरत नाही, हा पहिला त्रास. म्हणून:

प्लाय १२ मिलिमीटरचा, दीड फूट बाय एक फूट. सहा मिलिमीटरचा घेऊ नका, ओली माती लागली की पापडासारखा वळतो. बाराचाही थोडा वळतो, कारण एकच बाजू भिजते. त्यामुळे माती लावायच्या आधी मागच्या बाजूवरही पाण्याचा हात फिरवायचा. पुढच्या बाजूवर खिळ्याने आडव्या-उभ्या रेघा ओरबाडायच्या, मग एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी असा पातळ हात द्यायचा. तो पूर्ण वाळू द्यायचा नाही, चिकटसर असतानाच गोणपाटाचा तुकडा ताणून बसवायचा. माती गोणपाटाला धरते.

माती दोन वाटे, ताजं शेण एक वाटा, मूठभर बारीक गव्हाचा भुसा. माती पिठाच्या चाळणीने नाही, वाळूच्या बारीक चाळणीने चाळा. खडे गेले पाहिजेत, पण थोडी रेव राहिली पाहिजे. निव्वळ चिकणमाती वाळताना आकसते आणि जाळीसारखी तडकते. आपल्याकडची काळी माती तर यासाठी अजिबात नको, ती सगळ्यात जास्त आकसते. पिवळसर किंवा तांबूस माती घ्या. मिश्रण मळून रात्रभर झाकून ठेवा, शेणातला तंतू मातीत मुरला की लिपण गुळगुळीत बसतं. सोळा पाट्यांना (दोन जास्तीच्या ठेवाच) जेमतेम चार मिलिमीटरचा थर धरला तर एक बादली ओलं मिश्रण पुरतं. दोन हातांत लावा. पहिला दोन मिलिमीटर, वाळला की दुसरा. एकदम जाड दिलात तर वरचा वाळतो, आतला ओला राहतो आणि थर उचलला जातो. वाळवायचं सावलीत. उन्हात ठेवलेली पाटी संध्याकाळपर्यंत तडकलेली मिळते. बारीक भेगा राहिल्याच तर त्याच मिश्रणाची पातळ लापशी करून कापडाने घासून भरा.

वर पांढरा हात. गावात पांढरी माती किंवा खडी (रस्त्याची नव्हे, खडूसारखी) असते. बडोद्यात रंगाच्या दुकानात खडी पावडर मिळते. एक किलो खडी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी धोतराच्या कापडातून गाळा. सायीइतकं दाट हवं. पहिला हात उभा, दुसरा आडवा. भिंतीवर हे एवढंच असतं, पण पाटी हाताळली जाणार, म्हणून या पाण्यात भिजवलेला धावड्याचा डिंक घालायचा: किलोभर खडीला ५० ग्रॅम. डिंक नसेल तर मूल चुकलेली रेघ ओल्या फडक्याने पुसायला जातं आणि रेघेबरोबर पांढराही उठून येतो, खालची माती दिसते. असं झालं तर पुसत बसू नये. वाळू द्यावं आणि वरून पांढरा ठिपका देऊन झाकावं.

कुंचल्याचं. बांबूची काडी पेन्सिलीएवढी जाड, तळहाताएवढी लांब. टोक रात्रभर पाण्यात. सकाळी दगडावर ठेवून शेवटचा एक सेंटिमीटर हलक्या हाताने कुटायचा. जोरात कुटलं की तंतू तुटतात, मग रंग धरत नाही. हलकं कुटलं की तंतू सुटे होतात. प्रत्येक मुलाला तीन काड्या द्या: एक जाड भरायला, एक बारीक रेघेला, एक न कुटलेली ठिपक्यांना. भिजवणं आणि कुटणं मुलांकडूनच करून घ्या, त्यात त्यांना भारी मजा येते.

रंग. विधीच्या पिठोऱ्यात पूड रंग दुधात आणि महुड्याच्या दारूत कालवतात. शिकायला जाताना दारूचा विषयच काढू नका. एक तर गुजरातेत दारूबंदी आहे, दुसरं म्हणजे ती तिथे देवाच्या कामाची आहे, प्रयोगाची नाही. तांत्रिकदृष्ट्या ती काय करते ते मुलांना सांगायला हरकत नाही: काही पूड रंग पाण्यावर तरंगत राहतात, भिजतच नाहीत. मद्यार्काने ते चटकन भिजतात आणि वाळतातही लवकर. दूध बांधणीचं काम करतं, पण कालवलेला रंग त्याच दिवशी संपवावा लागतो, दुसऱ्या दिवशी आंबतो, वास मारतो. पाटीसाठी डिंकाचं पाणी घ्या. रात्री १०० ग्रॅम धावड्याचा डिंक ३०० मिलिलिटर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी गाळून घ्या. दोन मोठे चमचे पुडीला एक चमचा डिंकपाणी, मग साधं पाणी थोडं थोडं करत दह्याइतकं. तपासायची रीत सोपी: एक फटकारा वाळू द्या आणि कोरडं बोट फिरवा. बोटाला पूड आली तर डिंक कमी. रंग चकाकतोय किंवा त्याला बारीक चिरा पडतायत तर डिंक जास्त. डिंकपाण्याला तीन-चार दिवसांत बुरशी येते, लवंगतेलाचे दोन थेंब टाकलेत तर आठवडाभर टिकतं.

लाल, पिवळा, हिरवा, निळा, केशरी, काळा आणि पांढरा. चंदेरी हल्ली सर्रास वापरतात, तोही थोडा ठेवा, तो फक्त ठिपक्यांना.

कामाचा क्रम चुकवू नका. आधी चौकट. चौकट बांधल्याशिवाय आत काहीही येत नाही, आणि खाली मधोमध तिला वाट ठेवतात, तिथे वाघ असतात. मग घोडे. घोड्याची मान आणि पाठ एकाच वळणात आली पाहिजे, डोकं नंतर. मुलं डोक्यापासून सुरू करतात आणि पाय काढायला जागा उरत नाही. सांगून ठेवा: मान-पाठ-शेपूट, मग पोट, मग पाय, शेवटी डोकं. आतला रंग सपाट भरायचा, वीस मिनिटं वाळू द्यायचा, दुसरा हात, पुन्हा वीस मिनिटं. मग बाहेरची रेघ. ठिपके अगदी शेवटी. ओल्या रंगावर ठिपका दिला की तो पसरून डाग होतो, आणि सोळापैकी निम्म्या पाट्या यातच बिघडतात. त्या वीस-वीस मिनिटांत मुलांना काम द्या नाहीतर ती हात आवरत नाहीत. तेव्हाच कलाकाराने गोष्ट सांगावी असं ठरवून ठेवा: काळी कोयलला झालेलं मूल पाण्यात सोडलं गेलं, राणी काजळने ते वाढवलं, तो पिठोरो. भिंतीवरची घोड्यांची रांग ही त्याच्याच लग्नाची वरात.

वारलीचा हात बसलाय म्हणालात. तो थोडा मोडावा लागेल. तिथे गेरूवर तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा, सगळं रेघेवर. इथे पांढऱ्यावर भरीव रंग आणि रेघ नंतर. वारलीची सवय असलेली मुलं बाह्यरेघ आधी काढतात आणि मग आत रंग कोंबतात, त्याने कडा गढूळ होतात.


दांडियाबाजार_जुना

एवढा खटाटोप कशाला? कलाकारांना बडोद्यात बोलवा, दोन दिवस ठेवा, मानधन द्या, प्रवासखर्च द्या. वीस माणसांची बस, डबे, उन्हातान्हात फिरणं, सगळं वाचतं. मुलांना शिकायला तीनाऐवजी दहा तास मिळतील. पैशाचा हिशेबही फार वेगळा निघणार नाही.


ओरसंगकाठ

शिकवणीपुरतं बरोबर आहे तुमचं, काका. नुसता हात बसवायचा असेल तर कलाकार इकडे येणं जास्त सोयीचं. पण मग मुलांना पिठोरा म्हणजे चौकटीतलं सुंदर चित्र एवढंच कळेल. घराच्या ओसरीत, चुलीच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर तो असतो, शेजारच्या दोन भिंतींवरही उतरतो, खाली कणग्या आणि बाजूला गुरं असतात, हे पाहिल्यावर चित्राची मांडणी उलगडते. वरच्या भागात देवांचे आणि पूर्वजांचे घोडे. खालच्या भागात शेत नांगरणारा, ताडी उतरवणारा, विहीर, शिकार, वाघ, माकडं, साप. म्हणजे ज्या घरात तो लिहिलाय त्याच्या दारातून बाहेर पडलं की जे दिसतं तेच. वर्गात बसून मूल हे पाठ करेल, तिथे त्याला ते दिसेल.

दोन्ही करायचं असेल तर आधी जाऊन या, मग बोलवा. उलट क्रमाने केलंत तर मुलं तिथे जाऊन 'हे आम्हाला येतं' असं म्हणतील.


रावपुऱ्याचा_चित्रवर्ग

खूप आभार, इतकं तपशिलात कुणी सांगत नाही. दोन शंका राहिल्या. एक, आमच्यात आठ मुली आहेत. पिठोरा पुरुषच काढतात असं ऐकलं, तर मुलींची अडचण होईल का? दोन, मुलांनी गणपती काढायचा हट्ट धरलाय, पिठोऱ्यात गणेश असतो म्हणे. आणि भिंतीचं कुणी बोललंच नाही!


ओरसंगकाठ

मुलींचं: विधीचा पिठोरा लिहिणारे लखारे पुरुषच, आणि त्यासाठी भिंत लिपायचं काम कुमारिकांचं. वारलीतला लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, इथे ते उलटं आहे. पाटीवर सरावाचा घोडा काढणं ही वेगळी गोष्ट, पण हा निर्णय तुमचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे. पत्रात '८ मुली, ६ मुलगे' असं लिहा आणि सरळ विचारा. तिथे पोचल्यावर मुलींना बाजूला बसवायची वेळ आली तर त्यांचा दिवस फुकट जाईल.

गणपतीचं: तो हट्ट मोडा. पिठोऱ्यातला बाबा गणेह सोंडेचा, मोदकाचा गणपती नाही. तो माणसासारखा बसलेला, हुक्का ओढणारा असतो. मुलांनी सोंड काढली की कलाकार सौजन्याने काही बोलणार नाही आणि चूक तशीच घरी येईल. तसंच सूर्य, चंद्र, बारा डोक्यांचा धनी, एका पायाचा, राजा भोजाचा हत्ती, या सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. सरावाच्या पाटीवर चौकट, दोन घोडे, एक झाड, एखादं जनावर एवढंच ठेवा. देवांची मांडणी पाहायची, काढायची नाही.

आता भिंत. पिठोरा नवसाचा असतो. घरात आजारपण, गुरं दगावणं, पीक बुडणं असं काही झालं की बडव्याला, म्हणजे भगताला, विचारतात, तो कारण सांगतो, नवस बोलला जातो, आणि नवस फेडायला पिठोरा मांडतात. लखारे लिहीत असतात तेव्हा ढोल वाजतात, गाणी चालतात. लिहून झालं की बडवा अंगात आल्यावर एकेका आकृतीपाशी जाऊन ती ओळखतो. काही राहिलं असेल तर सांगतो आणि लखारा तिथेच ते भरतो. बोकडाचा बळी असतो, जेवण असतं. यातलं काहीच तुमच्या हॉलमध्ये होणार नाही, आणि व्हावं असंही नाही. म्हणून 'पिठोरा काढून द्या' असं म्हणू नका. 'पिठोऱ्याच्या शैलीतलं मोठं चित्र' असं म्हणा. त्यात काय घ्यायचं आणि काय वगळायचं ते लखाऱ्यावर सोडा. तो एखादी आकृती घेणार नाही किंवा एखादी खूण मुद्दाम अर्धी ठेवेल. 'हे पूर्ण करा ना' म्हणून मागे लागू नये.


लिपणकाम

भिंतीचं तांत्रिक. हॉलच्या भिंतीवर प्लास्टिक इमल्शन असणारच. त्यावर खडी किंवा डिंकाचा रंग बसत नाही, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. सगळी भिंत खरवडून त्यावर लिपण करायचं म्हटलं तर सिमेंटच्या ओलीने तेही फुगतं. त्यापेक्षा भिंतीला हात लावू नका. चार बाय आठ फुटांचे दोन प्लाय, मागे लाकडी पट्ट्यांची चौकट, पुढे ताणलेलं जाड कॅनव्हास, त्यावर मॅट पांढरा प्रायमर, वर ॲक्रिलिक. हे सगळं कलाकाराच्या ठिकाणीच तयार करून आणता येतं आणि हॉल बदललात तर बरोबर नेता येतं. दोन प्लायच्या मधल्या सांध्यावर घोड्याचं डोकं येऊ नये एवढं सुरुवातीलाच दाखवून द्या.

भिंत उत्तरेची असेल किंवा मागे न्हाणीघर असेल तर पॅनेल भिंतीपासून एक इंच पुढे टांगा, हवा खेळती राहते.


इंदूरची_मालती

बडोदेकरांना एक पुरवणी. पिठोरा सीमेच्या या बाजूलाही आहे. अलीराजपूर, झाबुआकडे भिलाला आणि भिल्ल घरांत. भाबऱ्याचे दिवंगत पेमा फत्या यांना मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान मिळाला होता. गुजरातेत पिठोऱ्यासाठी परेश राठवा यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पिटोलच्या भुरीबाईंना २०२१ साली मिळाली, पण त्यांचं काम वेगळं ओळखायला हवं: भोपाळच्या भारत भवनात जगदीश स्वामीनाथन यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कागदावर रंगवायला सुरुवात केली, ती स्वतःची भिल्ल चित्रं आहेत. बाजारात आणि शाळांच्या प्रदर्शनांत दाट ठिपक्यांची कोणतीही चित्रं 'पिठोरा' म्हणून लावलेली दिसतात. मुलांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. चौकट, घोड्यांची रांग आणि खालची वाट दिसली तर पिठोऱ्याकडे जाणारं, नाहीतर दुसरं काही.

चित्र विकत घ्यायचं असेल तर पाठीमागे कलाकाराचं पूर्ण नाव, गाव, साल आणि माध्यम त्यांच्याच हाताने लिहून घ्या. सगळे घोडे हुबेहूब एकाच मापाचे दिसले म्हणून छापील समजू नका, काही लखारे घोड्याचा पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा साचा वापरतात. छापील ओळखायचं तर ठिपके बघा. हाताचा ठिपका थोडा उंच असतो, तिरक्या उजेडात सावली देतो. कॅनव्हास घडी घालून आणू नका, घडीवर रंग तडकतो. रंग बाहेरच्या बाजूला ठेवून चार इंची पाइपवर गुंडाळा, मध्ये बटर पेपर. रंग आत ठेवून गुंडाळलं की तो चेपला जातो आणि उलगडताना सुटतो.

घासाघीस करू नका एवढं मात्र पालकांना आधी सांगा. मुलांसमोर सहा मोठी माणसं भाव पाडायला लागली की दिवसभराच्या शिकवणीवर पाणी पडतं.


रावपुऱ्याचा_चित्रवर्ग

ठरलं. संखेडा आणि कोराज बाद, बुधवार धरतोय, हॉलसाठी पॅनेल. वारली शिकलेल्या मोठ्या मुलांना आधी दोन रविवार नुसता घोडा गिरवायला लावतो. पत्राचा मसुदा आज लिहितो. शेवटचं विचारतो: रंगवलेल्या पाट्या त्याच दिवशी बसमधून परत आणायच्या आहेत, मग त्या एकमेकींवर रचल्या तर चालतील का?


लिपणकाम

अजिबात नाही. वरून कोरडा वाटणारा रंग खालच्या मातीत ओल सोडत असतो, दोन पाट्या चिकटल्या की सुटताना दोन्हींचा पांढरा उचलला जातो. फळांचे प्लॅस्टिकचे क्रेट मिळतात ते चार घ्या, मंडईत सहज मिळतील. प्रत्येक क्रेटमध्ये चार पाट्या उभ्या. मध्ये थर्मोकोलच्या दोन-दोन इंची पट्ट्या, पण फक्त वरच्या दोन कोपऱ्यांवर, चित्राच्या भागाला काही लागता कामा नये. क्रेट बसच्या मागच्या बाजूला नको, तिथे सगळ्यात जास्त आपटतं. पुढच्या दोन सीटांमध्ये जमिनीवर ठेवा, खाली जुनी सतरंजी. निघायच्या दीड तास आधी रंगकाम थांबवा, म्हणजे साडेचारला बस असेल तर तीनला काड्या खाली.

घरी गेल्यावर दोन दिवस पंख्याखाली, मग मागच्या बाजूला वॉर्निश. पुढच्या बाजूला वॉर्निश मारू नका, मातीचा रंग काळवंडतो आणि पांढरा पिवळट होतो. कोपऱ्याची माती कुठे ढिली झालीच तर त्या फटीत सुईविना इंजेक्शनच्या पिचकारीने पातळ फेविकॉल सोडा, वर प्लॅस्टिकचा कागद आणि एक पुस्तक, रात्रभर.